विश्रांतीचा दावा नामंजूर

(आरोग्यविमा कंपनीच्या दावे विभागातील साहेबांना एका आजोबांचं खुलं पत्र)

माननीय साहेब,



आपलं पत्र पोचलं. माझ्या नऊ वर्षांच्या नातीच्या फिजिओथेरपीची बिलं आम्ही पाठवली होती, ती आपण तीन ओळींत निकालात काढलीत. पहिल्या ओळीत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस उलटल्याचं कळवलंत. दुसऱ्या ओळीत हा खर्च बाह्यरुग्ण विभागातला असल्याचं सांगितलंत. तिसऱ्या ओळीत ती लवकर बरी व्हावी म्हणून शुभेच्छा दिल्यात. मी आयुष्यभर बँकेत चेक पास करायचं काम केलं, तेव्हा नाकारण्याच्या कलेची मला कदर आहे. चेक परत पाठवताना आम्ही कारणाच्या रकान्यात खूण करायचो आणि पुढचा चेक उचलायचो. ज्याचे पैसे अडवले त्याला वर शुभेच्छाही द्याव्यात, हे आम्हाला कधी सुचलं नाही. सरकारी बँका मागे पडल्या त्या उगाच नाही.

तक्रारीचा अर्ज रीतसर वेगळा टाकला आहे. हे पत्र कौतुकाचं आहे.

आणि कौतुकाला जागा आहेच. एका संध्याकाळी नातीची पाठ दुखायला लागली. रात्रीपर्यंत पाय उचलेनात आणि लघवी अडकली. एमआरआयमध्ये मज्जारज्जूभोवती काळ्या ठिपक्यांची रांग दिसली. वेगाने वाहणारं रक्त त्या चित्रात काळं दिसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. एरवी धमनीतलं रक्त केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून जातं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मगच ते शिरेत उतरतं. हिच्या पाठीत एका ठिकाणी ते जाळंच नव्हतं. धमनी थेट शिरेला जोडलेली. धमनीचा दाब सोसण्यासाठी शीर घडलेली नसते. ती फुगते, नागमोडी होते, मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडायची वाट तुंबते, आणि एखाद्या दिवशी शीर फुटते. हिची फुटली.

मग जांघेतून बारीक नळी घालून पाठीतल्या एकेका धमनीत रंग सोडून तपासणी झाली. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी अ‍ॅडमकिविझची धमनी म्हणून एक असते. ती नेमकी कुठून निघते हे आधी शोधावं लागतं, कारण तिच्यात चुकून काही गेलं तर उरलेसुरले पायही जायचे. ती जपून, त्याच नळीतून वैद्यकीय ग्लू सोडून तो बेकायदेशीर जोड बंद केला. लाखांतलं बिल. आपण ते एका दुपारी कॅशलेस मंजूर केलंत. त्या दिवशी आमच्या घरात देवानंतर आपलं नाव घेतलं गेलं, हे मी शपथेवर सांगतो.

मंजुरीआधी आपल्या डॉक्टरांनी एक मार्मिक प्रश्न विचारला होता: हे व्यंग जन्मजात आहे का, आणि असल्यास आतलं की बाहेरचं? पॉलिसीच्या व्याख्येप्रमाणे शरीराच्या दिसणाऱ्या भागावरचं ते बाहेरचं, न दिसणारं ते आतलं; आणि दोघांचं नशीब वेगळं. आमचं आतलं निघालं, म्हणून निभावलं. पण याच आजाराचा एक भाऊबंद आहे. स्टॅनले कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९१५ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर आत शिरांचा गुंता असतो, त्याच पातळीवर वर कातडीवरही जांभळट लाल डाग असतो. अशा मुलाचा दावा आला तर आपण काय कराल, या विचाराने माझी झोप उडाली आहे. अर्धा मंजूर?

असो. आता ६० दिवसांकडे वळू. घरी सोडल्यावर ६० दिवसांपर्यंतचा खर्च मिळेल हे पॉलिसीत लिहिलेलं आहे, मी ते सही करण्याआधी वाचलंही होतं, आणि त्या ६० दिवसांतली फिजिओथेरपीची बिलं आपण दिलीतही. अट मान्य. अडचण एवढीच की मज्जारज्जूला ती वाचून दाखवायचं राहून गेलं. पहिले काही आठवडे आतली सूज उतरण्यातच जातात. गेलेलं जे काही परत यायचं, ते बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात येतं, आणि त्यानंतरही थोडंथोडं येत राहतं. म्हणजे पायाच्या अंगठ्याने पहिली हालचाल करावी आणि आपण फाईल बंद करावी, असा सुरेख योग जुळून आला.

बाह्यरुग्ण विभागातला खर्च मिळत नाही म्हटल्यावर आम्ही आपल्या हेल्पलाइनला विचारलं, की मग तिला पुनर्वसन केंद्रात काही आठवडे दाखल करून दिवसातून दोनदा फिजिओथेरपी दिली तर? फोनवरची मुलगी फार गोड होती. तिने वगळलेल्या गोष्टींची यादी वाचून दाखवली. विमा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी ही यादी एकसारखी केली आहे. तिच्यात पाचव्या क्रमांकावर एका दमात तीन गोष्टी आहेत: विश्रांतीसाठी दाखल होणं, पुनर्वसन, आणि घरच्यांना उसंत म्हणून रुग्णाला कुठे ठेवणं. थोडक्यात, नात दाखल नाही म्हणून पैसे नाहीत. आणि दाखल झाली तर ती विश्रांती घेत असल्यामुळे पैसे नाहीत. साहेब, इतकी वर्षं चेकच्या मागच्या-पुढच्या सह्या तपासल्या, पण दोन्हीकडून बंद होणारं असं दार मी पाहिलं नव्हतं.

तर या विश्रांतीचं थोडं वर्णन करतो. तिचे आईवडील नोकरीला जातात, त्यामुळे तिला घेऊन जाण्याचा मान माझा आहे.

आधी मॅटवर झोपवून फिजिओवाल्या ताई तिच्या पोटऱ्या ताणतात. टाच पकडून पाऊल वर ढकलायचं आणि तसंच धरून ठेवायचं. सोडायचं, पुन्हा धरायचं. पाय कडक असतात. मधूनच पाऊल आपोआप थडथडायला लागतं, त्याला क्लोनस म्हणतात. ते थांबेपर्यंत थांबायचं. मग गुडघे ताठ धरणारे गेटर, पावलांना स्प्लिंट, वर एक नंबर मोठे बूट, आणि पॅरलल बारमध्ये उभं राहायचं. उभं राहणं हेच तिथे औषध. हाडांवर भार पडला नाही तर ती ठिसूळ होतात, आणि वाढत्या वयात खुब्याचा सांधा जागेवरून सरकू शकतो. मग स्टुलावरून उठायचं, बसायचं, उठायचं. उठताना श्वास कोंडून जोर लावायला तिला बंदी आहे; तसं केलं की मणक्यातल्या शिरांमधला दाब वाढतो, आणि तिच्या त्या शिरांचा पूर्वेतिहास आपल्या फाईलमध्ये आहेच. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही, म्हणून ताईंनी पाढे लावले आहेत. सतराच्या पाढ्यात सातापर्यंत पोचेस्तोवर नात घामाघूम होऊन उभी झालेली असते. आपल्या कार्यालयात दुपारच्या विश्रांतीत कितीचा पाढा म्हणतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

आपण पत्रासोबतच्या शेऱ्यात लिहिलं आहे की आम्ही जोडलेल्या अहवालांतून ठळक सुधारणा दिसत नाही. ते अहवाल मी पुन्हा वाचले. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो. दोन म्हणजे पाय गादीवर आडवा सरकतो, पण उचलता येत नाही. तीन म्हणजे तो स्वतःच्या वजनासकट जमिनीवरून वर उचलला जातो. नातीची उजवी मांडी दोनवरून तीनवर आली. दोन आणि तीन यांच्या मधे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आहे, साहेब. ते ठळक वाटत नसेल तर आकड्यांत सांगतो: दोनाचे तीन म्हणजे पन्नास टक्के वाढ. एवढा परतावा देणारी दुसरी योजना आपल्या कंपनीकडे असल्यास माहितीपत्रक जरूर पाठवावं.

त्या गोड मुलीने आणखी एक सल्ला दिला: हे व्यायाम घरच्या घरी करून घ्या, व्हिडिओ असतात. शेजारच्या काकूंचंही हेच मत पडलं. त्यांनी वर तिळाच्या तेलाची बाटली आणि शेकायची पिशवी आणून दिली. घरी करायचं ते आम्ही करतोच. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देतो, खुर्चीत असताना थोड्या थोड्या वेळाने ती हातांवर जोर देऊन बूड उचलते, दिवसातून ठरलेल्या वेळी नळीने लघवी काढायला तिची आई शिकली आणि आता नात स्वतः शिकते आहे. पण पायाला भाजल्याचं कळत नाही, तिथे शेकायच्या पिशवीने फोड येतो आणि महिनोन्महिने भरत नाही. ठिसूळ झालेलं हाड प्रेमाने जास्त ताणलं तर मोडतं, आणि मोडलेलंही पोरीला कळत नाही. बंद केलेला जोड पुन्हा उघडू शकतो किंवा राहिलेली एखादी वाट मोठी होऊ शकते. तसं झालं तर ते आधी कुठे दिसेल? गेल्या आठवड्यात उचललेला पाय या आठवड्यात उचलला जात नाही, यात. ते ओळखायला गेल्या आठवड्यात त्या पायावर कुणाचा तरी जाणता हात असावा लागतो. काकूंच्या तेलाच्या बाटलीवर हे लिहिलेलं नाही. आपल्या पॉलिसीवरही नाही.

कदाचित फिजिओथेरपी ही हल्लीची काहीतरी चैन आहे असा आपला समज असेल. तर जिथून आपलं पत्र निघालं त्याच मुंबईतली गोष्ट. फातिमा इस्माईल या बाईंच्या मुलीला पोलिओ झाला. पाय परत मिळवायचे तर नुसत्या औषधाने भागत नाही, रोजचे शिस्तीचे उपचार लागतात, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं आणि १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. देश स्वतंत्र होत होता, फाळणीचे लोंढे येत होते, आणि या बाईंना मुलांचे पाय सुचत होते. १९५० मध्ये मूळच्या अमेरिकन, लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी केईएममध्ये व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. १९५३ मध्ये त्याच केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटना, राज्य सरकार आणि महापालिका यांनी मिळून फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा उघडली. ज्या काळात रेशनच्या रांगा होत्या, त्या काळात सरकारी पैशाने हे झालं. त्या वेळी आपल्या विभागाचा सल्ला घेतला असता, तर पोलिओच्या मुलांनाही ६० दिवस आणि शुभेच्छा मिळाल्या असत्या.

लष्करालाही हे शहाणपण नव्हतं. मणक्याला गोळी लागलेल्या, छर्रे लागलेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे माणसं विश्रांती घ्यायला दाखल होतात, तोंडात कुंचला धरून चित्रं काढायला शिकतात, खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात.

खेळावरून आठवलं. नातीच्या बिलांपैकी पाण्यातल्या व्यायामाची बिलं आपण वेगळी काढून त्यांवर ‘मनोरंजन’ असा शेरा मारला आहे. शेरा अगदी खरा आहे. पाण्यात तिला मजा येते. जमिनीवर न उचलला जाणारा पाय पाण्यात तरंगतो, आणि आपला पाय आपलं ऐकतो हे तिला तिथे पहिल्यांदा दिसलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, एक गोळी मणक्यात राहिली. उपचारांचा भाग म्हणून ते पोहायला लागले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांचं बिल आपल्याकडे आलं नाही, हे भारताचं भाग्य. माझ्या नातीकडून सुवर्णपदकाची अपेक्षा नाही. शाळेत बाकापासून फळ्यापर्यंत ती आपल्या पायांनी गेली तरी पुरे.

आता आपल्या आवडीचा, म्हणजे पैशाचा विषय. इथे माझी आपल्या विभागाविषयीची भक्ती कळसाला पोचते, कारण आपण खर्च नाकारत नाही, तो पक्व होऊ देता.

पोटरी रोज ताणायला पाच-सातशे रुपये लागतात. ते आपण देत नाही. हाड लांबीने वाढत राहतं, आखडलेला स्नायू मागे पडतो, टाच वर खेचली जाते, आणि एका वाढदिवसापर्यंत पाऊल असं वाकडं होतं की स्नायूची दोरी कापून लांब करावी लागते. ती शस्त्रक्रिया आपण देता. बसण्याची योग्य गादी आणि कूस बदलण्याचं प्रशिक्षण आपण देत नाही. बूड सडून जखम हाडापर्यंत गेली की ती साफ करून वर मांस-कातडी बसवण्याचा खर्च आपण देता. लघवीच्या नळ्या देत नाही. लघवी तुंबून जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले आणि ताप डोक्यात गेला की अतिदक्षता विभाग देता. वाढ पुरी होण्याआधी मज्जारज्जू दुखावलेल्या मुलांमध्ये पाठ वाकडी होणं इतकं नेहमीचं आहे, की तिच्यावर महिन्यामहिन्याला नजर ठेवावी लागते. ती नजर आपण देत नाही. कणा वाकला की त्यात घालायच्या सळया देता. मी बँकेत होतो, मला हिशेब कळतो. पोरगी नीट राहिली तर तिची ती बघून घेईल, आणि बिघडली की आपण आहातच. बाकी हे गणित आपल्या भागधारकांना कधी समजावलंत तर मलाही बोलवा. पाचशे वाचवायला पाच लाख घालवणारा माणूस आमच्या शाखेत असता, तर त्याची बदली तिजोरीपासून लांब केली असती.

हे असंच चालावं लागतं असंही नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची विमा योजना आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या त्या विम्यात नियमित थेरपीचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च धरलेला आहे. म्हणजे ताणलेल्या पोटरीची पावती विम्याच्या कागदात बसू शकते, कागद फाटत नाही. पण ती योजना १९९९ च्या ज्या कायद्याखाली आहे, त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढंच येतं. जन्माच्या आसपास किंवा तान्हेपणी मेंदूला इजा होऊन पाय कडक झाले तर मुलाला थेरपीचा विमा आहे. तेच पाय वीतभर खाली, मज्जारज्जूला इजा होऊन कडक झाले तर नाही. आमच्या नातीने रक्तस्राव तान्हेपणीच, जरा वरच्या मजल्यावर करून घ्यायला हवा होता, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

कौतुक संपलं. आता तीन विनंत्या.

पहिली: माझ्या नातीत ठळक सुधारणा दिसत नाही, असं आपल्याकडे ज्या डॉक्टरांनी ठरवलं, त्यांचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक लेखी कळवावा. त्यांनी तिला पाहिलेलं नाही, याला माझी हरकत नाही. तिच्या डॉक्टरांनी सहा वेळा लिहिलेलं पत्र त्यांनी कोणत्या आधारावर खोडलं, तेवढं त्यांच्या सहीनिशी हवं आहे. आमच्याकडे स्वतःची सही केल्याशिवाय चेक नाकारायलाही परवानगी नव्हती.

दुसरी: टाचेची, जखमेची आणि पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया आपण पुढे मंजूर करालच, तर ती मंजुरी आजच लेखी द्यावी. म्हणजे त्यांची वाट पाहायची की त्या टाळायच्या, हे आम्हाला नीट ठरवता येईल. आणि टाळायच्या ठरल्या, तर वाचलेल्या रकमेतून फिजिओवाल्या ताईंची फी द्यायला आपली काय अडचण आहे, हेही त्याच पत्रात लिहावं.

तिसरी: वगळलेल्या गोष्टींच्या यादीतला पाचवा क्रमांक वापरायची कंपन्यांना मुभा आहे, सक्ती नाही. पुनर्वसन त्यातून बाहेर काढायला कुणी आपला हात धरलेला नाही. त्यासाठी हप्ता थोडा वाढला तर आम्ही भरू. घरात असं मूल असलेला प्रत्येक जण भरेल. विश्रांतीला पैसे देऊ नका, याबद्दल दुमत नाही. फक्त विश्रांती कोण घेत आहे, याची एकदा खात्री करून घ्या.

या तिन्हींचं उत्तर मुदतीत न आल्यास मी विमा लोकपालांकडे जाणार आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि नकार मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत असते. आपल्या ६० दिवसांपेक्षा ही मुदत मला माणुसकीची वाटली. सुनावणीला नातही येईल, तिने ठरवलंच आहे. तेव्हा तारीख पडली की त्या इमारतीला लिफ्ट आहे का, आणि नसल्यास जिना किती पायऱ्यांचा आहे, हे आपल्या प्रतिनिधीकडून कळवावं. तिला आत्तापासून सराव सुरू करायचा आहे. ताई म्हणतात, समोर नेमकं काही ठेवलं की मुलं विश्रांती फार मन लावून घेतात.

कळावे, लोभ असावा. तो ६० दिवसांपुरता नसावा.

आपला,
एक पॉलिसीधारक आजोबा